पालकांच्या विनंतीवरून

लेखनिकाची जागा चार वर्षं रिकामी आहे,
म्हणून दाखलेही मीच लिहिते.
तासाला नववीचं विज्ञान,
मधल्या सुट्टीत
शाळा सोडण्याचं कारण.

रकाना एवढासा, बोटाच्या पेराएवढा.
त्यात मावतं तेच लिहायचं:
पालकांच्या विनंतीवरून.

जूनमध्ये नववी 'ब'त एकेचाळीस होते.
गणपतीनंतर अडतीस.
दिवाळीला गलाईवाले गावी येतात,
देवळापुढं तामिळनाडूच्या, केरळच्या, यूपीच्या पाट्यांच्या गाड्या,
आणि परत जाताना मागच्या सीटवर
चकलीच्या डब्याला खेटून
आमचं एकेक पोर बसलेलं असतं.

प्रज्योत हसबेचा बाप दाखला न्यायला आला.
म्हटलं, दहावी तरी होऊ द्या.
म्हणाला, "बाई, धावी होऊन भट्टीच फुकायची,
मग दोन वर्सं आधी फुकू दे की.
हात कवळा असतोय तवरच वळतोय."
माझ्याकडं उत्तर होतं. लांबलचक होतं.
त्यांची विट्याहून पाचची गाडी होती.

प्रज्योत खिडकीशी उभा,
नवा शर्ट, घडीच्या रेघांसकट.
मी लिहिलं: वर्तणूक चांगली.
प्रगती समाधानकारक.
कुणाचं समाधान, ते दाखल्यात विचारत नाहीत.

आमच्या शाळेत भूगोलात कुणी नापास होत नाही.
सेलम, त्रिचूर, कोइम्बतूर, गोरखपूर,
न चाचपता बोट ठेवतात नकाशावर.
तपासणीला आलेले साहेब खूश झाले,
शेरा दिला: भूगोलाची तयारी उत्तम.
मग चहा घेत त्यांनी गळतीचा तक्ता मागितला.
दिला. टक्केवारी, दोन दशांश स्थळांपर्यंत.

त्या दशांशात कुठंतरी सृष्टी मंडले असेल.
तिला भट्टी नव्हती, तिला स्थळ आलं होतं.
मुलाचं तिकडं स्वतःचं दुकान.
तिच्या आईनं जन्मतारीख दोनदा विचारली,
जणू पुन्हा विचारल्यावर
साल थोडं मागं सरकेल.
मी दोन्ही वेळा तेच साल सांगितलं,
आणि एवढंच केलं.

प्रयोगशाळा मात्र आमची बघण्यासारखी.
दाराशी संगमरवरी पाटी:
सौजन्य, श्री. संपतराव हसबे, सेलम.
प्रज्योतचे चुलते. याच खोलीत
सातवीपर्यंत बसले होते, तेव्हा वर पत्रा होता.
उद्घाटनाला म्हणाले, "शिका रं पोरांनो,"
आणि डोळे पुसले. खरंच पुसले,
मी जवळ उभी होते.
त्याच मुक्कामात दोन पोरं घेऊन गेले.

परवा रात्री साडेदहाला प्रज्योतचा फोन आला.
मागं कुणीतरी तामिळमध्ये ओरडत होतं.
"बाई, नायट्रिकचा धूर तपकिरी असतोय
म्हणलावता, बरोबर हाय.
पण घशाचं काय सांगितलं न्हवतं."
मी म्हटलं, पुस्तकात नाही ते.
"हां," म्हणाला, आणि खोकला,
आणि मग विचारलं,
"माझा नंबर कुणाला दिला?"

सतरा. कुणाला नाही दिला.
हजेरीपटावर लाल रेघ आहे,
तरी जीभ सवयीनं पुकारते.
पहिल्या आठवड्यात पोरं हसली.
आता मागच्या बाकावरून
कुणीतरी सरळ उत्तर देतं.
सतरा? सेलम, बाई.
बावीस? त्रिचूर.
एकोणतीस? गोरखपूर, बाई, पण त्याला
तिथं करमत नाही.

छत्तीस म्हणते मी.
मुलींच्या रांगेत
कुणीतरी वहीचं पान उलटतं.